कृपया उलटून पाहू नये

“मावशी, छोटंसं काहीतरी घे विणायला. शनिवार-रविवारात होऊन जाईल,” असं भाचीने मिनिॲपोलिसहून सांगितलं, तो दसऱ्याचा आदला दिवस होता. ते छोटंसं काहीतरी संक्रांतीला झालं. ते नेमकं काय आहे, हे घरी येणाऱ्याला अजून सांगावं लागतं. तो कपाचा स्वेटर आहे.

कपाला स्वेटर कशाला, हे मला आधी नवऱ्याने विचारलं, मग सासूबाईंनी, मग पोळ्यांच्या मावशींनी, आणि स्वेटर पुरा झाल्यावर मी स्वतःच स्वतःला विचारलं. मिनिॲपोलिसला जानेवारीत पारा शून्याखाली वीसपर्यंतही उतरतो. तिथे कपाला काय, कपाच्या कानालासुद्धा कानटोपी लागत असेल. पुण्यात आम्ही चहा बशीत ओतून, फुंकर घालून मुद्दाम निववतो. म्हणजे आता आमच्या घरी चहाला एका हाताने स्वेटर चढवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला बशीत उघडं करायचं, असा कार्यक्रम असतो.

तरी मी विणला, कारण भाचीने पाठवलेलं पार्सल. त्यात सहा रंगांचे लोकरीचे गुंडे होते, एकेक पंचवीस ग्रॅमचा, आणि खऱ्या मेंढीचा. आपल्याकडे दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून जे मागतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. मेंढीशी त्याची तोंडओळखही नसते. ही खरी लोकर हातात घेऊन आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नाकाशी नेली आणि “घोंगडीचा वास येतोय” असा अहवाल दिला. सोबत एक पुस्तक होतं, फक्त छोट्या छोट्या रंगीत वस्तूंचं. कपाचा स्वेटर, मोबाइलचं पाकीट, किल्लीला लटकवायचं हृदय, किटलीची टोपी, गरम भांडी धरायची चौकोनी घडी, ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे गोळे. प्रत्येक वस्तूच्या फोटोत मागे एक लाकडी टेबल, खिडकीत बर्फ आणि कुठेही पसारा नाही. मी तिथेच फसले. पसारा नसलेलं घर बघितलं की मला त्या घरातली कुठलीही वस्तू करावीशी वाटते.

पण कपाच्याही आधी मी टोपी केली होती, ती आता सांगून टाकते. पुस्तकात लिहिलं होतं, आठ नंबरच्या सुया. माझ्याकडे आठ नंबरच्या सुया होत्या, आईंच्या, ॲल्युमिनियमच्या, ‘८’ आकडा अजून वाचता येणाऱ्या. मी अठ्ठ्याऐंशी टाके घातले, नमुन्याबरहुकूम विणलं, आणि जी टोपी झाली ती घरात एकालाच बसली, कलशावरच्या नारळाला. नारळाला मात्र ती फार शोभली. नंतर कळलं ते असं. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी मापाचे, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. आपली आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची आठ नंबरची पाच मिलिमीटरची. एका मिलिमीटरने माणसाची टोपी नारळाची होते. इंग्रज गेले, पण जाताना सुया मोजून गेले.

आता या विणकामाचं गणित. साधा, एकरंगी स्वेटर विणताना हात आपापले चालतात आणि डोळे मालिका बघतात. सुलट, उलट, सुलट, उलट. मालिकेत कोण मेलं आणि कोण परत आलं, हे सगळं कळतं. दोन रंग आले की प्रत्येक टाक्याला विचार करावा लागतो. कपाचा स्वेटर म्हणजे साठ टाके आणि अठ्ठावीस ओळी, एकूण एक हजार सहाशे ऐंशी टाके, आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचं मत. “तीन निळे, एक पांढरा, एक निळा, तीन पांढरे” असं मी पुटपुटत बसते, आणि नेमक्या त्या वेळी नवरा विचारतो, “गॅसचा सिलिंडर कधी लावला गं?” मी म्हणते, “सतरा.” तो कॅलेंडरवर सतरा तारखेला खूण करतो. सिलिंडर तीस तारखेला, पाहुणे जेवायला बसलेले असताना संपतो. विणकामातल्या चुका अशा दूरवर जातात.

बोलता बोलता असं विणणाऱ्या बाया मी मनालीला पाहिल्या आहेत. बाजारात उन्हाला उभ्या, चार सुयांवर मोजा फिरतोय, तोंडाने गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली, आणि मोज्यावर पाच-सहा रंगांची चांदणी उमलते आहे. समोर कागद नाही, आकडे नाहीत. तिकडच्या लाहौलच्या मोज्या-हातमोज्यांना आता जीआय मानांकनही आहे. मी तिथे एक जोडी घेतली आणि बाईंना विचारलं, किती मोजता? त्यांना वाटलं मी भाव विचारतेय. त्यांनी तीस रुपये कमी केले.

या कामातली खरी मेख मागे असते. दोन रंगांनी विणताना एक धागा पुढे टाका घालतो, तेव्हा दुसरा धागा मागे रिकामा चालत असतो, आपली पाळी येईपर्यंत. हे मागून जाणारे धागे सैल सुटले की बांगडी अडकते, कपाचा कान अडकतो, बोट अडकतं. घट्ट ओढले की पुढचं कापड आक्रसतं आणि करंजीसारखी मुरड पडते. पाचेक टाक्यांहून लांब उडी असेल तर मधे एकदा तो धागा दुसऱ्याने पकडून ठेवायचा असतो, नाहीतर मागे दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं. एक रंग डाव्या हातात, एक उजव्या हातात धरला तर गुंता होत नाही, असं पुस्तक म्हणतं. पुस्तकाला हात नाहीत. माझ्या घरी निळा गुंडा सोफ्याच्या डावीकडे, पांढरा उजवीकडे, आणि मधून कुणी गेलं की मी ओरडते, “अहो, तिकडून नका, तिथे निळा आहे!” एकदा कुरिअरवाला दारातच थबकला. त्याने बूट काढले.

शिवाय टोकं. रंग बदलला की जुन्याचं एक टोक, नव्याचं एक टोक. ती सगळी शेवटी सुईने मागच्या बाजूला ओवून जिरवायची. कपाच्या स्वेटरला मी मोजली तर चौतीस होती. स्वेटर झाला, झाला, म्हणून मी घरभर नाचवला तेव्हा तो आतून केसाळ सुरवंटासारखा होता.

आणि हे आईंनी बघितलं.

आईंचं विणकामातलं मत ऐकण्याआधी त्यांचा पूर्वेतिहास सांगायला हवा. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. १९६२ साली चीनची लढाई झाली तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि चाळीतल्या साऱ्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. एकच रंग, एकच नमुना, दोन सुलट दोन उलट. कुणाचा गळा आवळ झाला तर आईंची आई तो सगळ्यांदेखत उसवायची आणि म्हणायची, “तो तिथे बर्फात उभा आहे, त्याला गळ्याशी झगडायला लावू नका.” अशा शाळेत शिकलेल्या बाईला मी चौतीस टोकांचा कपाचा स्वेटर दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, पुढून पाहिलाच नाही. मनगट एकदा फिरवलं, आतली बाजू बाहेर. चष्मा वर. मग खाली.

“आई, पुढून बघा ना.”

“पुढून काय गं, सगळेच हसतात.”

एवढंच बोलल्या. स्वेटर परत माझ्या हातात, आतलं बाहेर तसंच ठेवून. न्यायाधीशाने निकालाचा कागद उपडा ठेवावा तसा.

त्या दिवसापासून मी लोकांच्या हातांकडे बघायला लागले. जाणती बाई ओळखायची खूण हीच. भरतकाम असो, क्रोशाचा रुमाल असो, कापड हातात आलं की ते उलटतं. लग्नात रुखवताच्या टेबलाशी उभं राहून बघा. तरुण मुली फोटो काढतात, पुरुष “हे सगळं तिने केलंय?” असं अविश्वासाने विचारतात, आणि एखादी आत्या गर्दीतून वाट काढत येऊन क्रोशाच्या तोरणाचं टोक हळूच उचलते आणि मागे बघते. मग तोंडाने “छान हो” म्हणते. ते ‘हो’ कुठल्या सुरात आलं, यावर नवरीच्या आईची रात्रीची झोप अवलंबून असते. आमच्या वेळी रुखवतात बाटलीची बाहुली असायची, रिकाम्या बाटलीला लोकरीचा घोळदार झगा. तिला उलटून बघता येत नसे, खाली बाटली दिसायची. ती मला नेहमी सगळ्यात चतुर वाटत आली आहे.

हे फक्त आपल्याकडेच असेल असं मला वाटायचं. पण लॅटव्हियात हेच, आणि आपल्यापेक्षा कडक. तिथल्या खेड्यांतल्या मुली लहानपणापासून रंगीत नक्षीचे हातमोजे विणून पेटीत भरत, आणि लग्नात ते सासरच्या प्रत्येकाला वाटत. सासू, सासरे, दीर, नणंदा. सासर मोठं असलं तर हातमोजे काही डझन. बर्फाचा देश, त्यामुळे निदान उपयोग तरी होता. आपण त्या जागी सुपारीची सप्तपदी देतो. २००६ साली रीगामध्ये नाटोची शिखर परिषद झाली तेव्हा पाहुण्यांना भेट म्हणून तिथल्या विणणाऱ्यांनी साडेचार हजार जोड्या विणल्या होत्या. जगातले बडे सेनापती आणि मुत्सद्दी हातमोजे घेऊन घरी गेले. त्यांच्यातल्या एकाने तरी तो उलटून आत पाहिला असेल का, याची मला राहून राहून उत्सुकता आहे. असेल तर त्या देशाशी युद्ध करण्यात अर्थ नाही.

कपावर मी जी नक्षी विणली होती, आठ पाकळ्यांचं फूल, ती नॉर्वेतली. सेल्बू नावाच्या गावात १८५७ साली मारित नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने पांढऱ्यावर काळ्याने अशी फुलं असलेले हातमोजे विणले आणि घालून चर्चला गेली, असं तिकडे सांगतात. लोकांचं प्रार्थनेत लक्ष लागेना. पुढे त्या हातमोज्यांवर अख्ख्या गावाचं पोट चाललं. १८५७ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं, त्यामुळे मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे झाशीची राणी इकडे, आणि ही तिकडे हातमोजे?” मी म्हटलं, थंडी कुणासाठी थांबत नाही. फूल मात्र मला परकं वाटलं नाही. आठ पाकळ्या, ठिपक्यांवर बेतलेल्या. दारात मी ते शेकडो वेळा काढलंय, रांगोळीने. फरक इतकाच की रांगोळीला मागची बाजू नसते.

आणि या प्रकारचं जे विणकाम जगभर गाजलं, ते फेअर आइलचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंडची बेटं, त्यांतलं हे एक चिमुकलं बेट. आपल्या एखाद्या सोसायटीच्या एका इमारतीत मावेल एवढीच वस्ती. त्यांचा नियम असा की स्वेटरवर रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. तिसरा रंग पुढच्या ओळीत येईल, घाई नाही. बघणाऱ्याला वाटतं दहा रंग एकदम नाचतायत, विणणाऱ्या बाईच्या हातात मात्र कायम दोनच धागे. शहाणपण म्हणतात ते हेच. आमच्याकडे लग्नात रंग ठरवायला बसतात तेव्हा मला या बायांची आठवण येते.

हे बेट गाजलं ते प्रिन्स ऑफ वेल्समुळे. कोण हा? तर १७ नोव्हेंबर १९२१ ला जो मुंबईत अपोलो बंदरावर उतरला तोच. नंतर आठवा एडवर्ड होऊन वर्षाच्या आत राज्य सोडलं तो. त्याच्या स्वागताला मुंबईने काय केलं? त्याच दिवशी परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. पुढे शहरात दंगल झाली, आणि ती थांबावी म्हणून गांधीजींनी उपास धरला. म्हणजे या तरुणाने आपल्या देशात पाऊल ठेवलं आणि इकडे लोक अंगातले कपडे काढून आगीत टाकत होते. तो परत गेला, आणि १९२२ साली सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचा नक्षीदार स्वेटर घालून उभा राहिला. फोटो निघाले, सगळ्या साहेबांना तसाच हवा झाला, बेटावरच्या बायांना विणायला हात पुरेनात. आमच्या आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ विचार करून म्हणाल्या, “इथे बघितलं ना त्याने, कपडे काय टिकत नाहीत. म्हणून जाड घेतला.”

एवढा इतिहास वाचल्यावर मला स्वतःची नक्षी काढायची हुक्की आली. नॉर्वेचं फूल झालं, आता आपली कोयरी. मी नातवाची गणिताची वही घेतली, चौकटीच्या कागदावर झोकदार कोयरी रंगवली, वर एक नाजूक वळण. चौकटींनी वळण काढणं म्हणजे पायऱ्यांनी घसरगुंडी करणं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. शिवाय विणलेला टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. कागदावर ताठ उभी असलेली आकृती लोकरीत आली की तिला कुणीतरी वरून दाबल्यासारखी बसते. विणून झाल्यावर आईंनी पहिल्यांदाच पुढून बघितलं, कौतुकाने. म्हणाल्या, “बेडूक छान आलाय.” तो बेडूक आता मोबाइलच्या पाकिटावर आहे आणि मी कुणाला दुरुस्त करत नाही.

किटलीची टोपी हाही एक धडा. आमच्याकडे किटलीच नाही. चहा पातेल्यात उकळतो आणि गाळण्यातून थेट कपात येतो, मधे त्याला टोपी घालण्याइतकी उसंत कुणी देत नाही. तरी टोपी विणली, कारण फोटोत ती फार गोड दिसत होती, गाजराच्या रंगाची, वर गोंडा. दोन बाजूंना दोन फटी, एक किटलीच्या तोटीसाठी, एक कानासाठी. डिसेंबरात नवरा ती घालून पहाटे फिरायला जाऊ लागला. दोन्ही फटींतून त्याचे दोन कान. टेकडीवर त्याला आता लोक ओळखतात.

भांडी धरायच्या घडीचं मात्र हसू आलं नाही. भाचीची लोकर संपली होती, म्हणून मी इथलं ॲक्रिलिक घेतलं, लाल-पांढरं, चौकड्यांचं. दिसायला देखणं. त्याने तापलेला तवा उचलला आणि तव्याला ते चिकटलं. ॲक्रिलिक हे शेवटी प्लॅस्टिकचंच भावंड. ते वितळतं. लोकर सहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच, म्हणून चुलीपाशी लोकर नाहीतर सुती धागा, हे त्या पुस्तकात पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं. ते पान मी लाकडी टेबल बघण्यात ओलांडलं होतं. स्वयंपाकघरात जो वास सुटला तो आठवडाभर टिकला. तव्यावर एक लाल चौकडी अजून आहे, भाकरीवर तिचा ठसा उमटतो. आई सांडशी पुढे सरकवून म्हणाल्या, “हिला कधी स्वेटर लागला नाही.”

इथे माझं विणकाम संपायचं. पण पुढच्या थंडीत वर्तमानपत्रात सारसबागेतल्या गणपतीचा फोटो आला. त्याला दर हिवाळ्यात स्वेटर आणि कानटोपी घालतात, पुण्यातली थंडी अधिकृतपणे सुरू झाली असं आम्ही तेव्हाच मानतो. आईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग आमच्या देवघराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“आपला बाळकृष्ण तेवढा उघडा,” त्या म्हणाल्या.

आमचा बाळकृष्ण पितळेचा, चार बोटं लांब, रांगता. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, वर उचललेला. मी माप घेतलं. घेर जेमतेम बारा सेंटिमीटर. बारीक सुया, बारीक लोकर, छत्तीस टाके. लाल स्वेटर, छातीवर मारितचं आठ पाकळ्यांचं पिवळं फूल. काम छोटंच होतं. पण लोण्याचा गोळा. तो बाहीतून जाईना. बाही मोठी केली तर दंड ढगळ, लहान ठेवली तर लोणी बाहेर. देवाचा हात काही वाकत नाही. म्हणजे स्वेटर कुठूनतरी उघडा हवा. पुढून उघडा ठेवला तर फुलाचे दोन तुकडे होतात. मग मागून, झबल्यासारखा, पाठीवर बटणं.

आता दोन रंगांत विणायचं तर गोल विणणं सोयीचं. गोल विणताना सगळे टाके सुलट, नक्षी सतत समोर. सपाट विणायला गेलं की एक ओळ उलट बाजूने, आंधळेपणाने विणावी लागते. यावर शेटलंडच्या बायांनी शोधलेला उपाय ऐकून मी पुस्तक मिटलं होतं. त्या अख्खं नळकांडं विणतात आणि मग जिथे उघडं हवं तिथे सरळ कात्री चालवतात. विणलेल्या स्वेटरवर. कात्री. त्यांच्या लोकरीचे केस एकमेकांना धरून बसतात, म्हणून टाके धावत नाहीत, आणि कापण्यासाठी चार-सहा टाके जास्तीचे विणून ठेवलेले असतात. खात्री नसेल तर आधी दोन्ही बाजूंनी मशीनची टीप मारायची.

मी भाचीकडून पुन्हा मेंढीची लोकर मागवली. नळकांडं विणलं. टिपा मारल्या. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कात्री काढली, तेव्हा आई जपमाळ घेऊन समोर येऊन बसल्या. जप चालू होता की माझ्यासाठी प्रार्थना, कळेना. चाळीत ज्यांनी एकेक टाका देशासाठी घातला, त्यांच्यासमोर मी विणलेल्या कापडाला कात्री लावत होते. पहिला टाका कापला. चर्र असा आवाज आला. आईंनी डोळे मिटले. दुसरा, तिसरा. नवरा दारात उभा राहून म्हणाला, “शुद्ध आहे का तिला?” कुणाला उद्देशून, माहीत नाही. शेवटचा टाका सुटला आणि नळकांडं पुस्तकासारखं उघडलं. एकही टाका धावला नाही. आईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा, मग हात पुढे केला. मी स्वेटर दिला. मनगट फिरलं. आतली बाजू बाहेर. मी श्वास धरला.

“कापलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “आत काय चाललंय ते तरी नीट दिसलं.”

बटणं लावली, लोणी बाहीतून सुखरूप पार पडलं, आणि आम्ही बाळकृष्णाला देवघरात पाटावर ठेवला. मग आम्ही तिघंही दोन पावलं मागे सरकलो. आणि तेव्हा लक्षात आलं.

तो रांगतो.

रांगणाऱ्याची छाती पाटाकडे असते. तीन आठवडे विणलेलं आठ पाकळ्यांचं पिवळं फूल पाटाला चिकटून बसलं होतं. वर, सगळ्या जगाला दिसेल अशी होती पाठ. बटणं, बटणांमधल्या फटी, कापलेल्या कडा आणि मशीनची जरा वाकडी गेलेली टीप. आयुष्यभर जी बाजू लपवावी ती मी देवाच्या पाठीवर मांडून ठेवली होती. आई काही बोलल्या नाहीत. पदर तोंडाशी धरला, खांदे मात्र हलत होते.

संक्रांत झाल्यावर हळदीकुंकवाला समोरच्या आजी आल्या. त्यांच्या काळी त्यांच्या रुखवताला दोन टेबलं कमी पडली होती, असं त्या स्वतः सांगतात. देवापुढे हात जोडून त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मी बटणांकडे बघत होते, त्याही बटणांकडेच बघत होत्या. तेवढ्यात आई पुढे झाल्या. बाळकृष्णाला पोटाखाली हात घालून उचललं, ढेकर काढायला तान्ह्या पोराला वळवावं तसं उताणं केलं आणि म्हणाल्या, “नक्षी इकडे आहे. सूनबाईनं केलंय. नॉर्वेचं फूल आहे ते.”

“हो का? सुरेख गं,” आजी म्हणाल्या. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग करंगळी अलगद स्वेटरच्या कडेखाली घातली.

“मागून बघू.”

मी तिळगूळ आणायला आत गेले.